बंदुकीला वारस पाहिजे

१

बंदुकीने साम्राज्यं उभी केली आणि बंदुकीनेच ती धुळीला मिळवली. मानवजातीच्या इतिहासाचं एकेक पान बंदुकीच्या धुराने काळवंडलेलं आहे. आमच्या वाडीत बंदूक एकच. तिने आजवर मालकाच्या पडवीची दोन कौलं आणि टीव्हीची छत्री एवढंच टिपलं आहे.

मालक म्हणजे अलीचाचा होडेकर. खाडीच्या वरच्या अंगाला कातळावर त्यांची हापूसची बाग आहे आणि त्या बागेच्या राखणीसाठी शेतीसंरक्षणाचा परवाना आहे. रोज सकाळी चाचा एकटेच बागेत जातात, आभाळात एक बार काढतात आणि घरी येऊन चहा पितात. वानरांना मारायचं नसतं, तसा कायदा आहे. वानरांना तो माहीत नाही, एवढ्याच आधारावर आमच्या बागा उभ्या आहेत.

चाचा सत्तरी ओलांडून बरेच पुढे गेलेले. या वयात बंदूक वारसाच्या नावावर करता येते, म्हणून त्यांची मुलगी उझमा हिने अर्ज केला होता. अर्जदाराचं वय एकवीसच्या वर हवं. हातून गुन्हा घडलेला नको. शरीर धड, मन ठिकाणावर, असं डॉक्टरने लिहून द्यायला हवं. बंदूक हाताळायचं शिक्षण, ती ठेवायला कुलपाची जागा, बाकीच्या वारसांची ना-हरकत, आणि वर शेजाऱ्यांनी चांगलं बोलायला हवं. इतक्या अटी आमच्याकडे लग्नालाही लावत नाहीत. लावल्या असत्या तर माझं झालं नसतं.

त्या पडताळणीला हवालदार सर्वेश नागवेकर वैशाखातल्या एका दुपारी आले. खालच्या रस्त्याला मोटरसायकल लावून, जाता जाता पंच म्हणून त्यांनी मला उचललं. मी निवृत्त आहे, म्हणजे सरकारदरबारी पंचनाम्याला कायम उपलब्ध आहे.

ऊन असं होतं की कातळ पाण्यासारखा हलत होता. खाली खाडी झोपली होती, वर आंब्याचा वास झोपला होता, आणि मधून आम्ही दोघं चाललो होतो. अलीचाचा पडवीतच उभे होते. त्यांनी माझ्या लेंग्याकडे पाहून कडक सलाम ठोकला.

"या साहेब, या! आणि भाऊ, तू पण ये की रे, मागे का उभा?"

हे दुसरं वाक्य खाकी कपड्यातल्या नागवेकरांना होतं. आम्ही सगळे हसलो. चाचांना गंमत करायची सवय आहे.

मरियमभाभी ओढणी सावरत बाहेर आल्या. "हवालदारसाहेब, तुम्ही उद्या येणार होतात ना?"

"उद्या पहाटेपासून रत्नागिरीत बंदोबस्त आहे, भाभी, आज संध्याकाळीच निघायचंय. म्हटलं आजच उरकू."

भाभींनी आत जाऊन पाण्याचे तांबे भरले. पाणी पिणारे दोघं होतो, तांबे पाच आले.

बंदुकीचं कपाट मधल्या खोलीत. त्याची एकुलती एक किल्ली चाचांच्या गळ्यातल्या दोऱ्यात. अंघोळीच्या वेळी तेवढी ती खुंटीवर असते. चाचांनी किल्ली काढली, दोनदा कुलपाच्या शेजारी टोचली, तिसऱ्यांदा ती बसली. त्यांच्या अंगठ्यावर टचटचीत फोड होता.

"चटका?" नागवेकरांनी विचारलं.

"चुलीचा," चाचा म्हणाले.

"अब्बा, तुम्ही चुलीजवळ कधी गेलात?" उझमा हसत म्हणाली, आणि तेवढ्यात कपाट उघडलं.

आत शिलाई मशीनच्या तेलाची एक रिकामी बाटली होती. बंदूक नव्हती.

उझमा भिंतीला टेकली. तिचा भाऊ हमझा दारात उभा होता, त्याच्या हातून मोबाइल पडला. भाभींनी "या अल्ला" म्हणून डोळे मिटले. अलीचाचा सगळ्यांत शेवटी दचकले, पण सगळ्यांत मोठ्याने.

"सकाळपर्यंत होती!" ते ओरडले. "आज सकाळी बार काढला मी! साऱ्या वाडीने ऐकला!"

ऐकला होता. मीही ऐकला होता.

नागवेकरांनी टोपी काढून कपाळ पुसलं. "हे बघा, संध्याकाळपर्यंत बंदूक मिळाली तर मी काही पाहिलं नाही. नाही मिळाली तर मला वर कळवावं लागेल. मग चाचांवर गुन्हा, परवाना रद्द, आणि रद्द झालेला परवाना वारसाला देता येत नाही. उझमाताईंचा अर्ज तिथेच संपला."

मग हवालदारांनी अंगणातल्या हापूसच्या कलमाखाली बाज टाकायला सांगितली आणि तपास सुरू करण्यासाठी ते डोळे मिटून आडवे झाले.

२

नागवेकरांच्या तपासाची ही रीत अख्ख्या तालुक्याला माहीत आहे, फक्त ती रीत आहे हे कोणाला माहीत नाही. ते एक प्रश्न विचारतात आणि झोपतात. झोपलेल्या पोलिसापुढे माणूस फार मोकळा होतो.

पहिला हमझा आला. मस्कतला एसीच्या कंपनीत असतो, महिनाभराच्या सुटीवर आलेला.

"बंदूक नसली तर फायदा कोणाचा?" नागवेकरांनी विचारलं, आणि त्यांचा श्वास लांब झाला.

हमझा माझ्याकडे बघून कुजबुजला, "झोपले?"

"असं दिसतं," मी म्हणालो.

"मग भाऊ, तुम्हालाच सांगतो. सगळे माझ्याकडे बघतायत. होय, मला बाग विकायची आहे. हातखंब्याच्या बाजूचा एक माणूस विचारतोय, त्याला इथे रिसॉर्ट करायचंय. उझमाच्या नावावर परवाना झाला की ती बाग सोडत नाही, म्हणून मी ना-हरकतीवर अजून सही केलेली नाही. तो कागद माझ्या खिशात आहे. मग बंदूक कशाला चोरू? सही नाही केली की काम झालं!"

गोष्ट खरी होती. चोरीपेक्षा आळसाने काम होत असेल तर शहाणा माणूस आळसच करतो.

"आणि बागेत राहिलंय काय?" हमझा पुढे म्हणाला. "मी आल्यापासून बघतो, वानरं पडवीत येऊन बसतात. परवा एकाने माझा चार्जर नेला. अब्बा बार काढतात तेव्हा ती फणसावर बसून अंग खाजवत असतात. मी लहान असताना अब्बांनी नुसती बंदूक खांद्याला लावली की पार डोंगरापलीकडे जायची. वानरंसुद्धा बदलली, भाऊ."

"तुम्ही कधी आलात?" बाजेवरून आवाज आला.

हमझा टुणकन उडाला. "गेल्या... गेल्या जुम्म्याला."

"हं," नागवेकर म्हणाले आणि कुशीवर वळले.

समोरच्या फणसावर एक मोठा वानर बसला होता. शेपटी खाली सोडलेली, डोळे अर्धे मिटलेले. तोही बहुधा तपासावर होता.

३

उझमा आली तेव्हा सावली बाजेवरून थोडी सरकली होती.

"हवालदारसाहेब, मी स्पष्टच सांगते. हमझाभायने केलं असेल असं मला वाटतं, आणि तसं मी लिहून देणार नाही."

नागवेकर घोरत होते, म्हणून ती माझ्याशी बोलायला लागली.

"लग्न मोडून मी परत आले, भाऊ, तेव्हा अब्बांनी एक शब्द विचारला नाही. दुसऱ्या दिवशी हातात कोयती दिली आणि म्हणाले, चल, फांद्या उतरवू. कलम कसं राखायचं, मोहराला कधी हात लावायचा नाही, सगळं मी या बागेत शिकले. रत्नागिरीला जाऊन बंदुकीचं शिक्षण घेतलं. तिथे सगळे बाप्ये, मी एकटी. मास्तर म्हणाले, ताई, आवाजाला घाबरू नका. मी म्हटलं, मास्तर, मी या आवाजावर वाढले. बाग गेली तर मी काय, हमझाभायच्या मस्कतच्या खोलीत भात शिजवू?"

"कपाटात तेल होतं ते?" झोपेतून प्रश्न आला.

"अब्बा बंदुकीला शिलाई मशीनचं तेल लावतात. पण ती बाटली मी नवी आणली होती. दोन थेंबांचं काम असतं. संपली कशी, हेच मला कळत नाही."

ती गेली आणि चिमा आली. चिमा म्हणजे चाचांच्या बागेतली जुनी बाई, वयाने त्यांच्याएवढीच. आंबा उतरला की तो कोठीत पेंढ्यावर पसरून, वर पुन्हा पेंढा घालून पिकत ठेवायचा, त्याला आढी म्हणतात. आढी चिमाने घातली तर आंबा सरळ पिकतो, असा तिचा लौकिक. डोळे दिपावेत अशा केशरी रंगाचं लुगडं नेसून ती उभी होती. उन्हात ती उभी राहिली की ऊन फिकं वाटत होतं.

"चिमाबाय, झोकात!" मी म्हणालो.

"मेल्या, हसतोस काय! भाभीनं दिलंन. सण नाय, वार नाय. म्हणाली, ते मातकट लुगडं टाक, हेच नेस बागेत. मी म्हटलं, आंबे वेचायला जातंय का वरातीला? तर माझ्या अंगावर वराडलीन. इतक्या वर्षांत कधी वराडली नव्हती."

"कधी दिलंन?" नागवेकर डोळे मिटूनच त्यांच्या गावच्या बोलीत उतरले.

"झाला की आठवडा. त्या दिवशी मी कलमाच्या आडव्या फांदीवर चढले व्हते, झेल्याच्या काठीनं आंबा येत नव्हता म्हणून. अलीभायचा बार झाला नि माझ्या डोईवर बचकभर पाला पडला. मी म्हटलं, वारा सुटला वाटतं. खाली बघतंय तर भाभी धावत येतेय, तोंड पांढरंफटक. मना खाली उतरवलंन, मिठी मारलीन, आणि दुसऱ्या दिवशी हे लुगडं."

नागवेकरांचं घोरणं थांबलं. फणसावरच्या वानराने एक डोळा उघडला.

४

मग आंबे आले. चिमाने कोठीतून ताटलीभर आणून माझ्यापुढे ठेवले. आत भाभींच्या हातून काहीतरी पडल्याचा आवाज झाला आणि त्या दारात आल्या.

"चिमा! ते कुठून आणलेस?"

"आढीच्या कडेचे काढले. आत तर तू हात लावू देत नाहीस. उद्यापर्यंत आढी मोडायची नाय म्हणून सांगितलंस ना? पावणा उपाशी जाईल काय?"

मी एक आंबा चोखला. हापूसचा पहिला घास देवाचा, दुसरा आपला असतो. या आंब्याचा दुसरा घास शिवणक्लासचा होता. मला माझ्या मावशीचं मशीन आठवलं, त्याचं पायडल आठवलं, चाकाची कुरकूर ऐकू आली. मी सभ्य माणूस आहे, म्हणून गिळला.

नागवेकर उठून बसले. त्यांनी एक आंबा घेतला, चोखला, कोय ताटलीत ठेवली आणि भाभींकडे पाहिलं. भाभी दाराच्या चौकटीकडे पाहत राहिल्या.

"चाचांना बोलवा," ते म्हणाले.

चाचा आले. बाजेच्या बाजूला लाकडी खुर्ची होती, त्यांनी हाताने चाचपून ती शोधली आणि बसले. पानं हलत नव्हती. दुपार इतकी दाट होती की तिच्यात हात घातला असता तर मनगटापर्यंत रुतला असता.

"चाचा, मला एक स्वप्न पडलं," नागवेकर हळूच म्हणाले. "समोरच्या फणसावरून तो वानर खाली आला आणि माझ्या उशाशी बसला. मी विचारलं, काय रे, हल्ली बाराला घाबरत नाहीस? तो म्हणाला, हवालदार, बार कुठे होतो? तो दिवाळीचा सुतळी बॉम्ब. आम्ही आवाज ओळखतो. आणि म्हाताऱ्याच्या खांद्यावर बंदूक तरी कुठे असते? वात पेटवतो, पळतो, एकदा तर अंगठा भाजून घेतलान."

चाचांनी अंगठा मुठीत लपवला.

"बंदूक आज गेली नाही," नागवेकर म्हणाले. "आठवडा झाला. आणि तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

५

चाचांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरून गेलं, जड पाटी डोक्यावरून उतरते तसं.

"होय," ते म्हणाले. "त्या दिवशी बार काढला, घरी आलो, अंघोळ केली. दुसऱ्या दिवशी कपाट उघडतो तर रिकामं. कुलूप शाबूत, किल्ली गळ्यात. मग काय समजायचं? मीच कुठेतरी विसरलो. बागेत शोधली, विहिरीपाशी शोधली, पेंढ्याच्या उडवीत शोधली. एकेक कलम विचारून झालं. मला वाटलं, डोकं गेलं माझं. आणि मन ठिकाणावर पाहिजे ही तर परवान्याची अट! कोणाला कळलं तर परवाना जाणार, पोरीला काय देऊ? मग बॉम्ब आणले. घरात आवाज गेला म्हणजे बंदूक आहे."

"अब्बा..." उझमा त्यांच्या पायाशी बसली.

"आता उरलेलं भाभी सांगतील," नागवेकर म्हणाले, "की मी सांगू? कपाटातलं तेल एका आठवड्यात संपतं, आंब्यांना तेलाचा वास येतो, आणि आढीला हात लावू दिला जात नाही. बंदूक आंब्यांखाली आहे. ओलसर पेंढ्यात गंजू नये म्हणून कोणीतरी बाटलीभर तेल माखून ठेवली. कोठीचा कारभार तुमच्याकडे. मी उद्या येणार होतो, म्हणून उद्या ती गुपचूप कपाटात परत जाणार होती. मी आजच आलो, तिथे घोटाळा झाला."

"गुन्हा माझा," भाभी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी शांत होता. "यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे. कोणाला सांगू देत नाहीत. त्या दिवशी फांदीवर चिमा होती, मातकट लुगड्यात. यांना वानर वाटलं. बार नेहमीसारखा आभाळात काढला, पण तिचं डोकं आणि आभाळ यांत वीतभर अंतर होतं. मी पाहिलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा बंदूक घेऊन निघाले असते. कशी थांबवू? डोळे गेले म्हणून सांगितलं तर शरीर धड नाही, परवाना रद्द, उझमाचं नुकसान. म्हणून हे अंघोळीला गेले तेव्हा किल्ली घेतली. आतलं काडतूस काढून ठेवलं, बंदूक पुसली आणि पुरली."

म्हणजे बायको नवऱ्याचे डोळे लपवत होती आणि नवरा आपलं डोकं लपवत होता. दोघंही एकाच पोरीसाठी, एकाच घरात, एकमेकांपासून.

पहिली सावरली ती चिमा. ती चाचांसमोर जाऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"मी तुला वानर दिसले, अलीभाय?"

"चिमे, माफी कर. वाचलीस हे—"

"वाचले ते ऱ्हाऊंदे! वानर? लहानपणी आपण या खाडीत मुळे-शिंपले काढले नि तुला मी वानर दिसतंय?"

हमझा हसायला लागला, मग त्याला हसू आवरेना, मग ते हसू नव्हतं. त्याने खिशातून कागद काढला. "उझमा, मला वाटत होतं तूच लपवलीस. माझ्यावर यावं म्हणून."

"आणि मला वाटलं तू."

"सही कर," भाभी म्हणाल्या. "तू मस्कतला जाशील. वानरं इथेच राहणार आहेत."

त्याने माझ्या पाठीवर कागद ठेवून सही केली. पंचाचा एवढा उपयोग मी प्रथमच पाहिला.

कोठी उघडली. पेंढा बाजूला केला, पिवळेजर्द आंबे हलक्या हाताने उचलले आणि खालून बंदूक निघाली, आंब्याच्या वासात न्हालेली. चिमाने तिला पुसलं तेही आंब्याला पुसावं तसं. चाचांनी तिच्यावरून एकदा हात फिरवला आणि उझमाच्या हातात दिली. उझमाने नळी जमिनीकडे वळवली, खटका सरकवून ती उघडली, आत पाहिलं, रिकामी असल्याची खात्री केली, मग हवालदारांपुढे धरली. तिचं शिक्षण दिसत होतं. चाचांना ते धूसर दिसलं असेल, पण त्यांनी मान हलवली.

"साहेब," तिने विचारलं, "आता अब्बांच्या डोळ्यांचं वर कळवणार?"

नागवेकरांनी टोपी घातली. टोपी घातली की ते जागे असतात.

"ताई, अर्ज कोणाचा?"

"माझा."

"मग डोळे तुमचे तपासले. मन तुमचं तपासलं. चाचा सत्तरीच्या पुढे आहेत आणि परवाना सोडतायत. सोडणाऱ्याचे डोळे कोणी विचारलेच नव्हते!"

चाचांनी भाभींकडे तोंड वळवलं. भाभींनी चाचांकडे. आठवडाभर एकाने वाती पेटवल्या होत्या आणि दुसरीने हजारभर आंब्यांना तेल पाजलं होतं, आणि त्यातलं काहीच सरकारने मागितलं नव्हतं.

"कधी विचारलं असतंत मला..." भाभी म्हणाल्या.

"तू तरी कुठे विचारलंस?" चाचा म्हणाले.

नागवेकरांनी बंदूक चादरीत गुंडाळली. नवा परवाना येईपर्यंत ती पोलीस ठाण्यात जमा राहणार होती. मग ते अंगणाच्या मधोमध उभे राहिले आणि, मी त्यांना प्रथमच असं पाहिलं, बोलायला लागले.

"शस्त्र हा विश्वास आहे. सरकार तो कागदावर देतं, पण घर तो माणसावर ठेवतं. कायद्याने आज एका हातातून काढून दुसऱ्या हातात दिली ती बंदूक नव्हे, तर या कातळावरच्या पिढ्यांची—"

"हवालदारसाहेब," अलीचाचा मध्येच उठले, पायाने चपला शोधत. "रत्नागिरीलाच जाताय ना? मग मला मागे बसवून डोळ्यांच्या डॉक्टरकडे सोडता? एसटीची पाटी मला वाचता येत नाही."